शेवटचा आकडा

विश्रामबागेतल्या दुसऱ्या मजल्यावर
तेव्हा आम्ही अकरा जण उरलो होतो,
आणि एक कूलर, ज्याचे हप्ते थकले होते.
भिंतीवर भारताचा नकाशा:
इंदूर, राजकोट, निझामाबाद, इरोड,
जिथं जिथं जाणार होतो तिथं लाल टाचणी.
सांगलीवर टाचणी नव्हती.
सांगलीत तर आम्ही होतोच.

पुण्याचे पैसेवाले मार्चमध्ये बोलायचे थांबले.
एप्रिलचा पगार मी गाडी विकून केला.
मग एका दुपारी, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून,
वार्षिक देखभालीची यादी छापली.
एकशे चौदा नावं.
यांच्याच पैशातून टाचण्या आणल्या होत्या.

पहिलं नाव, बाहुबली मगदूम आणि कंपनी,
हळदीचे अडते, मार्केट यार्ड.
मिनाजची स्कूटर मागून घेतली नि गेले.

सौदे उरकले होते, हमाल पोत्यांवर आडवे.
हळदीचा धुरळा आधी जिभेला कळतो, मग डोळ्यांना.
संगणकावर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरावर हळद,
कव्हराखालीसुद्धा हळद.
कीबोर्ड सगळा पिवळा,
एकटं एफ-सात पांढरं, बोटानं पुसून पुसून कोरं.
तेवढंच लागतं, दिवाणजी म्हणाले,
पट्टी छापायला.
आम्ही केलेले रंगीत आलेख, भावाचे अंदाज,
कधी उघडलेच नव्हते.

दिवाणजींचं नाव इरगोंडा. सगळे तात्या म्हणतात.
तात्यांनी एफ-सात दाबलं, पट्टी निघाली,
आणि खिशातलं निळं पेन काढून
हमालीच्या रकान्यात, अगदी कडेला,
त्यांनी हातानं एक आकडा लिहिला.
दुसरी पट्टी. पुन्हा पेन.

हे काय?

"शेवटचा आकडा कापला जातोय की.
तुमी नवीन रूप आणलं न्हवं, तवापास्नं."

चार वर्षं.
दिवसाला साठ पट्ट्या, हंगामात दीडशे.

फोन का नाही केलात?

तात्यांनी टोपण लावलं.
"केलता दोनदा. पोरगी म्हणाली, तिकीट काढा.
आता हितं बसून म्या कुठलं तिकीट काढू?
म्हणलं, मोठ्या कामात हाईत पोरं, जाऊ दे,
एक आकडा तर हाय."

त्या रात्री मिनाज मुजावरनं तो रकाना
दोन मिलिमीटर डावीकडं सरकवला.
वीस मिनिटांचं काम.
नंतर बराच वेळ ती तशीच बसून राहिली, मी पण.

पुढचं सगळं असंच, कुणाला दाखवण्यासारखं नाही.
नकाशा उतरवला; मागं भिंतीला ओल निघाली.
तासगावच्या शीतगृहात सुनेत्रा चौगुले
हातमोजे घालून बेदाण्याच्या पेट्या मोजते,
आमच्या काचेला तिचं बोट कळतच नव्हतं.
तिला जुनी बटणं परत दिली.
पलूसच्या एकानं कधीच दुसऱ्यांचं घेतलं होतं,
तरी चहा पाजला, साखर जास्त घालून.
कुपवाडच्या कारखान्यातून आम्हाला हाकललं.
बरोबर होतं त्यांचं.
तिकीट बंद झालं.
फोन ज्याच्या टेबलावर वाजेल तो उचलतो.

वाचलो, असं म्हणायला अजून जीभ कचरते.
सप्टेंबरात पगार सात तारखेला झाला, ऑक्टोबरात नऊला.
पुण्याहून एकानं फोन करून विचारलं, वाढ किती?
दोन मिलिमीटर, मी म्हटलं.
त्याला विनोद वाटला.

पाडव्याला मगदूमांनी वहीपूजनाला बोलावलं.
चोपड्या, झेंडू, आणि मधोमध
गंध लावलेला प्रिंटर.
तात्यांनी वर्षाची पहिली पट्टी छापली.
आकडा होता, अख्खा, छापील.
तरी हात खिशाकडं गेला, पेन निघालं,
कागदाच्या कडेवर जरा अडखळलं.

"एक सांगू का," ते म्हणाले,
"वजनाचं अक्षर लई बारीक पडतंय मला.
चष्म्याचा नंबर वाढलाय."

मी त्यांच्याच पेनानं
तळहातावर लिहून घेतलं.